टेबलाच्या एकाच बाजूला: जेडॅमच्या खरेदीची गोष्ट

सरकारी टेंडर म्हटलं की काय आठवतं? फायलींचा ढीग, शंभर अटी, आणि समोरासमोर बसून एकमेकांवर संशय घेणारे अधिकारी आणि कंत्राटदार. अमेरिकेच्या पेंटागॉनमध्येही हेच चालायचं. पण १९९० च्या दशकात एका खरेदीत बसायची ही रीतच बदलली.

सुरुवात १९९१ च्या आखाती युद्धातली. लेझरच्या खुणेवर जाणारे बॉम्ब टीव्हीवर गाजले, पण ढग किंवा धूर आडवा आला की लेझर आंधळा! मग कल्पना आली की नवा बॉम्ब कशाला, जुन्याच बॉम्बच्या शेपटाला जीपीएसचं किट लावू. नाव जेडॅम. हवाई दलप्रमुख जनरल मॅकपीक यांची अट एकच: एक किट ४०,००० डॉलरच्या आत बसलं पाहिजे.

जुन्या पद्धतीत हे अवघड होतं. काय हवं ते सरकार सांगायचंच, पण ते कसं बनवायचं हेही सांगायचं. कंपनी निमूटपणे प्रत्येक अटीचे पैसे लावायची. १९९४ मध्ये संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी यालाच हात घातला. लष्करी मानकांचा हट्ट सोडा, बाजारात मिळतं ते वापरा, असा आदेश त्यांनी काढला. पुढच्या वर्षी दुसरा आदेश आला: डिझाइन करणारे, बनवणारे, हिशेब बघणारे आणि वापरणारे, सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून एका टीममध्ये बसायचं.

जेडॅमचे प्रकल्पप्रमुख टेरी लिटल तर आणखी पुढे गेले. स्पर्धेत मॅकडोनेल डग्लस आणि मार्टिन मारिएटा या दोन कंपन्या उरल्या होत्या. लिटल यांनी आपली सरकारी माणसं दोन्हींकडे वाटून दिली. चुका पकडायला नाही हं! ज्या कंपनीत बसलात, ती जिंकावी म्हणून तिला मदत करायची. त्यामुळे 'ही अट खरंच हवी आहे का? हिच्यामुळे किंमत वाढतेय' असं कंपनी उघडपणे विचारू लागली. आणि उत्तर द्यायला सरकारी माणूस शेजारीच बसलेला!

ऑक्टोबर १९९५ मध्ये कंत्राट मॅकडोनेल डग्लसला मिळालं. किटची किंमत? साधारण १८,००० डॉलर. म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

१९९९ च्या कोसोव्हो युद्धात जेडॅम पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि ढगांतूनही नेम लागला. पण त्याच युद्धात, ७ मे च्या रात्री, बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर हेच बॉम्ब पडले. तीन चिनी पत्रकार मेले. अमेरिकेचं स्पष्टीकरण असं की निशाणाच चुकीचा निवडला गेला होता. किटने मात्र दिलेला पत्ता बरोबर गाठला.

एकत्र बसल्याने वस्तू स्वस्त आणि चांगली होते, हे जेडॅमने दाखवलं. पण ती कुठे वापरायची हे ठरवणारे लोक त्या टेबलावर नव्हतेच. म्हणून पुढे कधी 'टीमवर्कमुळे प्रकल्प यशस्वी' अशी बातमी वाचलीत, तर एवढं विचारा: टीममध्ये कोण होतं, आणि कोण नव्हतं?