प्रवासातील छायाचित्र-संपादन : लॅपटॉपची निवड कशी करावी?

लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावर तेलीबाग ही वसाहत आहे. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने सुमारे चोवीस तासांचा प्रवास करून आलेला एखादा छायाचित्रकार येथे मुक्कामाला उतरला, तर त्याचा दिवस बडा इमामबाडा, रूमी दरवाजा, रेसिडेन्सी आणि चौकातील चिकनकारीची दुकाने पाहण्यात जातो. रात्री खोलीवर परतल्यावर दुसरे काम सुरू होते. दिवसभरात टिपलेली शेकडो छायाचित्रे उतरवून घेणे, निवडणे, त्यांच्या प्रती सुरक्षित ठेवणे आणि काही छायाचित्रे त्याच रात्री ग्राहकाकडे पाठवणे, असे हे काम असते. ते नीट पार पडणे बऱ्याच अंशी सोबतच्या लॅपटॉपवर अवलंबून असते.

लॅपटॉपची खरेदी अनेकांसाठी काही महिन्यांच्या मिळकतीचा प्रश्न असतो. जाहिरातींत भर असतो तो प्रोसेसरच्या वेगावर. प्रवासी छायाचित्रकाराची गरज मात्र वेगळी आहे. पडद्यावर दिसणारा रंग खरा असावा आणि टिपलेले छायाचित्र सुखरूप घरी पोहोचावे, या दोन कसोट्या त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाच्या ठरतात.

फिरती अंधारखोली

प्रवासात छायाचित्रांवर काम करण्याची निकड नवी नाही. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या कलोडियन पद्धतीत काचेवरील रसायन ओले असेपर्यंतच चित्र टिपून धुवावे लागे. त्यासाठी हाती जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असत. त्यामुळे छायाचित्रकार काचा, रसायने आणि काळ्या कापडाचा तंबू बरोबर घेऊन फिरत. लखनौच्या वास्तूंची पन्नास छायाचित्रे असलेला दरोगा अब्बास अली यांचा ‘द लखनौ अल्बम’ १८७४ साली प्रसिद्ध झाला, तो याच काळात. आज तंबूची जागा दीड किलोच्या लॅपटॉपने घेतली आहे.

पडदा : पहिली कसोटी

चिकनकारीला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पांढऱ्या वा फिकट कापडावर पांढऱ्याच धाग्याने केलेले भरतकाम ही तिची परंपरागत ओळख. हलक्या प्रतीच्या पडद्यावर धागा आणि कापड यांतील सूक्ष्म फरक पुसला जातो. फिकट गुलाबी रंग राखाडी भासतो आणि संपादक तो विनाकारण गडद करतो. असे छायाचित्र पाहून मागवलेले कापड रंग जुळत नाही म्हणून परत आले, तर त्याची झळ विक्रेत्याला आणि अखेरीस भरतकाम करणाऱ्या स्त्रीलाही बसते.

म्हणून तांत्रिक माहितीत पडद्याचा रंगविस्तार आवर्जून पाहावा. आंतरजालावरील छायाचित्रांसाठी ‘एसआरजीबी’ हा रंगविस्तार शंभर टक्के, किंवा त्याच्या अगदी जवळ, असावा. छपाईचे काम अधिक असल्यास ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ किंवा ‘डीसीआय-पी३’ यांचे प्रमाणही तपासावे. ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असलेला पडदा रंगकामासाठी टाळणे इष्ट. बाजूने पाहिल्यावरही रंग न बदलणारा आयपीएस पडदा या कामास योग्य असतो. ओएलईडी पडद्याचा काळा रंग अधिक गडद असतो, मात्र त्यावर एकच स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा पुसट ठसा उमटण्याची शक्यता असते.

उजेडाच्या खोलीत काम करायचे तर पडद्याची प्रखरता किमान ३०० निट्स असावी. मात्र पडदा अति प्रखर ठेवून संपादन केल्यास छापील प्रत काळवंडते, हेही ध्यानात ठेवावे. रंगमापक उपकरणाने पडद्याची वेळोवेळी जुळणी करून घेणे उत्तम.

स्मृती, प्रोसेसर आणि साठवण

चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्यातील एक ‘रॉ’ छायाचित्र साधारण ३० मेगाबाइटचे धरले, तर दिवसाला ५०० छायाचित्रांचे १५ गिगाबाइट होतात आणि दहा दिवसांचे १५० गिगाबाइट. ऑपरेटिंग प्रणाली आणि संपादनाचे सॉफ्टवेअर यांची जागा वेगळीच. म्हणून ५१२ गिगाबाइटची एसएसडी साठवण किमान समजावी. एक टेराबाइट असल्यास निश्चिंत राहता येते.

रॅम १६ गिगाबाइट असावी. अनेक छायाचित्रे जोडून विस्तृत दृश्य तयार करणाऱ्यांनी किंवा अनेक थरांचे काम करणाऱ्यांनी ३२ गिगाबाइटचा विचार करावा. आजच्या बहुतेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच जोडलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. हा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो.

प्रोसेसर मध्यम श्रेणीचा असला तरी प्रकाश, रंग आणि कातरणी यांसारखी नेहमीची कामे सुरळीत होतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा उपयोग प्रामुख्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने छायाचित्रातील कण घालवण्यासाठी आणि चित्रफितींच्या संपादनासाठी होतो. त्याने वजन, उष्णता आणि विजेचा वापर वाढतो. सॉफ्टवेअरवर खर्च करणे शक्य नसल्यास डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिंप हे विनामूल्य पर्याय उपलब्ध आहेत.

वीज, उष्णता आणि विमानप्रवास

रेल्वेच्या डब्यात चार्जिंगची सोय रात्री मिळेलच असे नाही. संपादन करताना बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे जाहिरातीतील तासांवर विसंबू नये. यूएसबी-सी मार्गे चार्ज होणारा लॅपटॉप घेतल्यास भ्रमणध्वनी, कॅमेरा आणि लॅपटॉप यांना एकच चार्जर पुरू शकतो.

विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या सर्वसाधारणपणे नेता येतात. १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची संमती लागते. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हाताच्या सामानातच ठेवाव्या लागतात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते.

मे-जून महिन्यांत लखनौचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. अनेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या वातावरणात वापरण्यासाठी बनवलेले असतात. त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत लॅपटॉप ठेवू नये आणि गादीवर ठेवून काम करू नये. गादीमुळे हवा खेळण्याची छिद्रे बंद होतात.

प्रती किती आणि कोठे?

टिपलेला क्षण पुन्हा येत नाही. म्हणून दोन स्वतंत्र प्रती तयार झाल्याखेरीज कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये. एक प्रत लॅपटॉपमध्ये आणि दुसरी बाह्य एसएसडीवर असावी. या दोन वस्तू एकाच पिशवीत नसाव्यात, कारण पिशवी हरवली तर दोन्ही प्रती एकदमच जातात. केवळ इंटरनेटवरील साठवणीवर भिस्त ठेवणे प्रवासात अवघड असते. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने १५ गिगाबाइट पाठवण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. निवडक छायाचित्रे तेवढी त्याच रात्री पाठवावीत. लॅपटॉपला कार्डासाठी खाच नसल्यास चांगला कार्ड रीडर बरोबर असावा.

खरेदीपूर्वी

वापरलेला लॅपटॉप घेताना विशेष सावधगिरी हवी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ न चालणारे जुने यंत्र स्वस्त मिळाले तरी ते पुढे अडचणीचे ठरू शकते. बॅटरीची शिल्लक क्षमता तपासावी आणि देशभर सेवा मिळते काय, याची चौकशी करावी.

लखनौच्या नाझा मार्केटमध्ये असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दुकानात जाताना स्वतःच्या कॅमेऱ्यातील काही छायाचित्रे कार्डावर घेऊन जावीत. त्यांत एक पांढऱ्या कापडाचे, एक अंधाऱ्या दालनाचे आणि एक माणसाच्या चेहऱ्याचे असावे. ती ज्या पडद्यावर डोळ्यांना ओळखीची वाटतील, ते यंत्र निवडावे. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी निदान आठवडाभर त्यावर काम करून पाहावे, म्हणजे त्यातील उणिवा परक्या गावी नव्हे, तर घरीच लक्षात येतील.