सरकीवरची एक पेशी

आमच्या बाभुळगावात कापसाचा भाव बोटांनी ठरायचा. व्यापारी चिमूटभर रुई दोन्ही हातांनी ओढून बघायचा आणि "माल कच्चा आहे" म्हणून मोकळा व्हायचा. आजोबा गाडीशी उभे राहून ऐकून घ्यायचे. माल पक्का आहे, हे दाखवणार कशाने?

दाखवता येत होतं, हे मला फार उशिरा कळलं. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या सुमारास ती वाढू लागते. साधारण तीन आठवडे लांब होते, मग आतून सेल्युलोजचे थर चढून भिंत जाड होते. थर नीट चढले नाहीत तर तंतू कच्चा. १८ टक्के कॉस्टिक सोड्यात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पक्का तंतू गोल दांडीसारखा दिसतो, कच्चा चपट्या फितीसारखा. मोजा आणि टक्केवारी सांगा!

भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ साली माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा काढली. आजची 'सिरकॉट' ती हीच. आजोबांच्या गाडीतली चिमूट मात्र तिथवर कधी गेली नाही.

परवा भाचीच्या मायक्रोस्कोपखाली देवाच्या वातीतला एक तंतू ठेवला. सोडा नव्हता, त्यामुळे कच्चा की पक्का ते कळलं नाही. पण तंतूला पीळ होता, स्वच्छ दिसला. आजोबांनाही होता. भाव पडला तरी मान कधी खाली नाही गेली त्यांची.

असो.