मानेचा हिसका: एका उपचाराची कुळकथा

थांबलेल्या गाडीला मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते आणि डोकं क्षणभर जागच्या जागी राहतं. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मानेचा खालचा भाग मागे आणि वरचा पुढे वाकतो. सगळं डोकं मागे फेकलं जातं ते त्यानंतर. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मानेचं हे दुहेरी वळण दाखवलं. त्यात मणक्यांमधले छोटे सांधे चिमटतात, त्यांची आवरणं ताणली जातात. एक्स-रेत बहुधा काहीच सापडत नाही, पण माणूस दुसऱ्या दिवशी मान धरूनच उठतो.

अशी मान घेऊन अमेरिकेत लोक सर्रास कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके दाबून उपचार करणाऱ्याकडे, जातात. तो उपचार जन्मला मात्र ऐकू येत नाही म्हणून. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर हातातल्या चुंबकशक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करत असे. तो ज्या इमारतीत बसे तिथला झाडलोट करणारा कृष्णवर्णीय कामगार हार्वी लिलर्ड १७ वर्षं जवळजवळ बहिरा होता. वाकून जोर लावताना पाठीत काहीतरी कट्‌कन झालं आणि ऐकू येणं गेलं, असं त्याने सांगितलं. पामरने पाठ चाचपली, एक मणका वर आलेला लागला, तो हाताने दाबून बसवला. लिलर्डला ऐकू येऊ लागलं, असं पामरने लिहून ठेवलंय. साल १८९५. कानाचा मज्जातंतू कवटीतच असतो, पाठीच्या कण्यातून जात नाही. त्यामुळे ही हकीकत मला पटत नाही. पामरने मात्र तिच्यावर ‘बहुतेक रोगांचं मूळ सरकलेला मणका’ हा सिद्धांत उभारला, १८९७मध्ये या उपचाराची शाळा काढली आणि परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल १९०६मध्ये तुरुंगवासही भोगला.

मानेचं दुखणं या कथेत मोटारींबरोबर आलं. १९२८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हॅरोल्ड क्रो या अस्थितज्ज्ञाने अपघातात हिसका बसलेल्या मानांच्या आठ केसेस मांडल्या आणि त्या हालचालीला ‘व्हिपलॅश’ (चाबकाचा फटका) म्हटलं. डॉक्टर, रुग्ण, वकील सगळेच ते रोगाचं नाव समजू लागले, याची खंत त्याने पुढे १९६४मध्ये बोलून दाखवली. मधल्या काळात मानेला पट्टा आणि सक्तीची विश्रांती हाच शिरस्ता पडला होता. १९९५मध्ये कॅनडातल्या क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने तो मोडला: हाडाची मोडतोड नसेल तर पट्टा फार काळ नको, मान हलती ठेवा, रोजची कामं लवकर सुरू करा.

हाताने उपचार करणाऱ्यांना इथे खरी जागा मिळाली. मला त्यांच्या कामात मोल वाटतं ते हळुवार हालचाल आणि व्यायाम शिकवण्याचं. मणका ‘बसवण्या’चा दावा मी मानत नाही आणि मानेला दिलेल्या जोरदार झटक्याची मला भीती वाटते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतूनच वर चढतात. क्वचित का होईना, झटक्यानंतर त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. आपल्याकडे दाढी-कटिंगनंतर सलूनमध्ये कडकन मान मोडून घेतात, तिथेही धोका हाच. अपघातानंतर हाताला मुंग्या येत असतील, जोर कमी झाला असेल, तोल जात असेल किंवा एकाचं दोन दिसत असेल, तर मानेला कुणाचाही हात लागण्याआधी रुग्णालय गाठावं.