भाडेआकारणी, राज्य परिवहनाची : चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

सार्वजनिक प्रवासी वाहतुकीत प्रवाशाकडून घ्यावयाची रक्कम कोणत्या अंतरमापाने व कोणत्या नाण्यांत ठरवावी, ह्याविषयीच्या नियमांच्या समूहास भाडेआकारणी पद्धती म्हणतात. तिचे तीन प्रमुख प्रकार आहेत : (१) अंतर कितीही असले, तरी एकच दर असणारी समान दर पद्धती, (२) मार्गाचे ठराविक लांबीचे भाग पाडून त्यांच्या संख्येवर भाडे घेणारी टप्पा पद्धती, (३) मार्गाऐवजी प्रदेशाचे विभाग पाडून ओलांडलेल्या विभागांवर भाडे घेणारी परिमंडल पद्धती. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (एस्. टी.च्या) सेवा मुख्यत्वे दुसऱ्या प्रकारात मोडतात. चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनप्रधान जिल्ह्यांत ह्या पद्धतीच्या सुलभीकरणाचे गुणदोष विशेष ठळकपणे दिसून येतात.

प्रदेश व दळणवळण : पूर्वीच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. कि.मी. असून त्यापैकी सु. तीन चतुर्थांश क्षेत्र वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे दर चौ. कि.मी.ला केवळ ७४ होती. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी ह्या नद्यांनी जिल्ह्याच्या मोठ्या भागाच्या सीमा आखल्या आहेत. दिल्ली–चेन्नई लोहमार्ग बल्लारपूरवरून जातो आणि गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट हा मूळचा अरुंदमापी मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंदमापी झाला. तथापि गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज (वडसा) हेच दीर्घकाळ एकमेव रेल्वेस्थानक होते. त्यामुळे अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा इ. तालुक्यांतील लोकांना तालुक्याचे ठिकाण, आठवडी बाजार, रुग्णालय वा आश्रमशाळा गाठावयाची, तर एस्. टी. किंवा काळी-पिवळी जीप हीच मुख्य साधने राहिली. एस्. टी.चे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन विभाग असून अहेरी हे दक्षिण गडचिरोलीतील महत्त्वाचे आगार आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबई राज्यातील सरकारी बससेवेचा प्रारंभ १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर झाला व १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाने तिला महामंडळाचे स्वरूप लाभले. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड (पुढे मध्य प्रदेश) ह्या राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याबरोबर नागपूरची प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ही सेवाही आली. राजुरा तालुक्याची परंपरा आणखी वेगळी होती. वर्धा नदीपलीकडील हा तालुका हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यातून १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली होती व तेथे हाली सिक्का हे स्वतंत्र चलन होते. सात हाली रुपये म्हणजे सहा ब्रिटिश भारतीय रुपये असा त्यांचा विनिमय होई. म्हणजे नदीच्या दोन तीरांवर केवळ दर नव्हे, तर दर मोजण्याचे नाणेही भिन्न होते. मुंबईचे महामंडळ, विदर्भातील सेवा व मराठवाड्यातील राज्य परिवहन ह्या तिन्हींचे १९६१ मध्ये एकत्रीकरण होऊन महाराष्ट्राचे एकच महामंडळ झाले. भाड्याच्या एकसूत्रीकरणाचा पाया ह्या विलीनीकरणाने घातला.

नाणे व माप ह्यांतील बदल : एकत्रीकरणाच्या आसपासच दोन मोठे बदल घडून आले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे वा १९२ पै जाऊन शंभर नवे पैसे आले. तसेच मैलाची जागा क्रमाने किलोमीटरने घेतली. एका आण्याचे गणिती मूल्य ६.२५ नवे पैसे होते. सरकारी परिवर्तन कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ व चार आण्यांना २५ नवे पैसे धरले गेले. एका आण्याच्या व्यवहारात देणाऱ्याचा पाव पैसा वाचे, तर तीन आण्यांच्या व्यवहारात तेवढाच जादा जाई. रक्कम क्षुल्लक असली, तरी भाडेसुलभीकरणातील एक कायमचे तत्त्व त्यातून दिसते : पूर्णांकन केले, की कोणाचा तरी लाभ व कोणाची तरी हानी होतेच, आणि लहान रकमेत तिचे प्रमाण मोठे असते.

टप्पा पद्धती : एस्. टी.च्या साध्या सेवेत ६ कि.मी.चा एक टप्पा धरतात. प्रवाशाने टप्प्याचा काही भाग ओलांडला, तरी पूर्ण टप्प्याचे भाडे द्यावे लागते. दोन टप्प्यांच्या मध्ये चढणाऱ्यास मागील टप्प्यापासूनचे भाडे पडते. ही पद्धती स्थूल वाटली, तरी तिच्यामुळे हिशेब आटोक्यात राहतो. एका मार्गावर वीस टप्पे असतील, तर एकवीस ठिकाणांमध्ये प्रवासाच्या २१० जोड्या संभवतात; परंतु भाड्याच्या रकमा मात्र वीसच राहतात. छापील तिकिटांच्या काळात वाहकाजवळील तिकिटांच्या पेटीत मर्यादित किंमतींचे गठ्ठे असत. दोन-तीन तिकिटे जोडून तो रक्कम पुरी करी, चिमट्याने त्यांना छिद्रे पाडी व मार्गपत्रकावर टप्पानिहाय नोंद करी. भाड्याच्या रकमा जितक्या कमी व सुटसुटीत, तितकी चूक व वादावादी कमी, हा अनुभव त्या काळी सर्वमान्य होता.

दर ठरविण्याचा अधिकार महामंडळास नाही. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ४३ व्या कलमानुसार व पुढे १९८८ च्या अधिनियमाच्या ६७ व्या कलमानुसार राज्यशासन भाड्याविषयी निदेश देते आणि परिवहन प्राधिकरण त्याची अंमलबजावणी करते. दरवाढीच्या प्रस्तावात डिझेल, टायर, गाडीचा सांगाडा व कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ह्यांच्या किंमतींतील बदल विचारात घेतात. तिकिटाच्या रकमेत मूळ भाड्याखेरीज १९५८ च्या अधिनियमान्वये आकारला जाणारा प्रवासी करही समाविष्ट असतो. ग्रामीण व लांब पल्ल्याच्या सेवांवर तो दीर्घकाळ १७.५ टक्के राहिला. १ एप्रिल २०१६ पासून अपघात साहाय्यता निधीसाठी प्रत्येक तिकिटामागे एक रुपया अधिभार घेतला जाऊ लागला. असा अधिभार अंतराशी निगडित नसल्याने तो जवळच्या प्रवाशास प्रमाणाने अधिक पडतो.

पूर्णांकनाचे प्रयोग : जून २०१८ मध्ये १८ टक्के भाडेवाढ करताना सुट्या पैशांची अडचण दूर व्हावी म्हणून तिकिटाची रक्कम पाच रुपयांच्या पटीत आणण्यात आली. सात रुपये होत असल्यास पाच व आठ होत असल्यास दहा, असा त्याचा नियम होता. ह्यात चूक कधीही अडीच रुपयांहून अधिक होत नाही. दोनशे रुपयांच्या तिकिटात ती नगण्य ठरते. पण आठाऐवजी दहा रुपये देणाऱ्यास भाडे २५ टक्क्यांनी चढते व साताऐवजी पाच देणाऱ्यास ते सु. २९ टक्क्यांनी उतरते. म्हणून ह्या नियमाचा खरा परिणाम लांबच्या प्रवाशावर नव्हे, तर एक-दोन टप्पे जाणाऱ्या बाजारकऱ्यावर, मजुरावर व विद्यार्थ्यावर होतो. एखादे गाव लाभाच्या बाजूस पडते आणि त्याच्या पुढील गाव तोट्याच्या बाजूस, हा केवळ अंतराचा योगायोग असतो.

ऑक्टोबर २०२१ मधील वाढीनंतर साध्या गाडीचा दर टप्प्यास ८.७० रु. झाला. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के वाढ होऊन तो सु. १० रुपयांवर गेला. ह्या वेळी पाचाची पट सोडून एक रुपयाच्या पटीत भाडे आकारण्यात आले. त्यामुळे आकारणी अंतराशी अधिक जुळती झाली. परंतु अकरा, सोळा अशा रकमा येऊन सुट्या पैशांवरून वाहक व प्रवासी ह्यांच्यात पुन्हा खटके उडू लागले. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय हा त्यावरील उपाय सुचविला गेला. हिशेब करणारे इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्र वाहकाच्या हाती आल्यापासून गुंतागुंतीच्या रकमा काढणे अवघड राहिलेले नाही. अडचण उरते ती रक्कम हातोहात देण्याघेण्याची. भामरागड–एटापल्लीच्या अंतर्भागात भ्रमणध्वनीचे जाळे विरळ असल्याने शहरात सुकर वाटणारा हा उपाय तेथे तितकासा चालत नाही.

वनप्रदेशातील विशेष प्रश्न : टप्पा पद्धतीत भाडे रस्त्याच्या लांबीवर ठरते, दोन गावांमधील सरळ अंतरावर नव्हे. मैदानी प्रदेशात ह्या दोहोंत फारसा फरक पडत नाही. गडचिरोलीत मात्र नद्या, डोंगर व राखीव वने ह्यांना वळसा घालून रस्ते जातात. भामरागड व सिरोंचा ह्यांच्यातील सरळ अंतर सु. ९० कि.मी. असले, तरी आलापल्लीमार्गे जाणारा नेहमीचा रस्ता त्याच्या दीडपटीहून अधिक लांब आहे. पूल वा थेट रस्ता नसल्याने पडणाऱ्या वळशाची किंमत अशा रीतीने प्रवाशाच्या तिकिटात उतरते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. गाडी अलीकडेच थांबते व उरलेला प्रवास होडीने वा पायी करावा लागतो.

दुसरा प्रश्न विरळ वस्तीचा आहे. टप्प्याची ठिकाणे सामान्यतः मोठ्या गावांजवळ असतात. टोले व पाडे मात्र त्यांच्या अधेमधे विखुरलेले असतात. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ह्या योजनेमुळे गाडीत चढण्याची सोय झाली, तरी भाडे मागील टप्प्यापासूनच पडते. गोंडी, माडिया वा तेलुगू बोलणाऱ्या प्रवाशास टप्प्यांचे गणित समजावून सांगणे वाहकाच्या भाषाज्ञानावर अवलंबून असते. अशा ठिकाणी भाड्याच्या रकमा थोड्या व स्थिर असणे हेच फसवणुकीच्या शंकेवर उत्तम औषध ठरते.

तिसरा प्रश्न सेवेच्या अस्तित्वाचाच आहे. एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडा ते अहेरी ही बससेवा १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. धानोरा तालुक्यातील कटेझरी व भामरागड तालुक्यातील मरकणार ह्या गावांतही २०२५ मध्येच प्रथम एस्. टी. पोहोचली. जेथे गाडीच नव्हती, तेथे भाड्याचा दर हा प्रश्नच उद्भवत नव्हता. खासगी जीपवाला मागेल ते भाडे किंवा पायपीट, असे दोनच पर्याय होते. अशा गावांत एस्. टी.चे टप्पाभाडे हे जाहीर व निश्चित असल्यामुळे, दर कमी असो वा नसो, प्रवाशास संरक्षणच देते.

सवलती व सीमा : अलीकडील काळात भाड्याच्या दरापेक्षा सवलतींनीच आकारणी अधिक बदलली आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस प्रवास विनामूल्य झाला व १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे भाडे पडू लागले. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली विनामूल्य पास मिळतो. मात्र स्त्रियांची सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच लागू असते. सिरोंच्याचे व्यवहार व नातेसंबंध गोदावरीपलीकडील तेलंगणाशी निगडित आहेत. त्या राज्याने ९ डिसेंबर २०२३ पासून आपल्या साध्या व एक्सप्रेस गाड्यांत स्त्रियांना विनामूल्य प्रवासाची मुभा दिली. तीही त्या राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. त्यामुळे सिरोंच्याहून पुलावरून काळेश्वरकडे जाणाऱ्या स्त्रीला एकाच प्रवासात दोन नियमांना सामोरे जावे लागते. हाली सिक्का गेला, तरी नदीच्या दोन तीरांवरील भाड्याचा भेद वेगळ्या रूपाने टिकून आहे.

अन्य पद्धतींशी तुलना : परिमंडल व एकत्रित तिकीट पद्धतींचा विकास दाट वस्तीच्या नागरी प्रदेशांत झाला. जर्मनीतील हँबर्ग येथे १९६५ मध्ये निरनिराळ्या वाहतूकसंस्थांचा संघ स्थापून सामाईक भाडे ठरविण्यात आले. लंडनमध्ये १९८१ मध्ये परिमंडले आखून भाडे उतरविण्यात आले व १९८३ मध्ये बस आणि भुयारी रेल्वे ह्यांसाठी एकच पास आला. महाराष्ट्रात मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने जुलै २०१९ मध्ये ५, १०, १५ व २० रु. असे चारच दर ठेवले. पुणे महानगर परिवहनाने जून २०२५ मध्ये आपले टप्पे रुंद करून त्यांची संख्या अकरावर आणली. एस्. टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार वा सात दिवसांचा पासही समान दराचाच एक प्रकार होय. परंतु त्याचा लाभ दूरच्या पर्यटकास मिळतो, रोजच्या ग्रामीण प्रवाशास नाही.

रुंद टप्पे नागरी भागात उपयुक्त ठरतात, कारण तेथे गाड्या वारंवार असतात व सरासरी प्रवास लहान असतो. वनप्रदेशात टप्पा रुंद केल्यास सर्वांत जवळच्या बाजारास जाणाऱ्यावर बोजा पडतो. ह्याउलट तालुक्याचे ठिकाण मध्यबिंदू धरून सरळ अंतरानुसार परिमंडले आखल्यास वळशाचा भार प्रवाशावरून हटू शकेल; मात्र त्यामुळे होणारी तूट भरून काढण्याची तरतूद शासनास करावी लागेल. सवलतींच्या रकमेची प्रतिपूर्ती शासनाकडून होण्याची प्रथा रूढ असल्याने हे तत्त्व नवे नाही.

मूल्यमापन : भाड्याचे सुलभीकरण हे केवळ हिशेबाच्या सोयीचे काम नाही. आणे-पै जाऊन पैसे आले, मैलाचे किलोमीटर झाले, तिकिटांच्या पेटीची जागा यंत्राने घेतली. प्रत्येक वेळी हिशेब सोपा झाला, पण त्याचा भार निरनिराळ्या प्रवाशांवर निरनिराळ्या प्रमाणात पडला. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा अनुभव असे दर्शवितो, की पद्धतीची पारख सरासरी प्रवाशावरून न करता सर्वांत लहान तिकीट घेणाऱ्या आणि सर्वांत लांब वळसा पडणाऱ्या प्रवाशांवरून केली पाहिजे. सुटसुटीत रक्कम, आगाऊ जाहीर केलेले भाडेपत्रक आणि नियमित येणारी गाडी ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच सुलभीकरणाचा लाभ अंतर्भागातील खेड्यापर्यंत पोहोचतो.