पर्जन्यमान आणि मक्याची उत्पादकता : अमेरिकेतील मका पट्ट्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शेतीच्या इतिहासात दुष्काळी वर्ष ठरविताना बहुधा वार्षिक सरासरी पर्जन्यमानाचा आधार घेतला जातो. परंतु पिकाला ओलावा लागतो तो ठराविक आठवड्यांत. या दृष्टीने अमेरिकेतील आयोवा, इलिनॉय, इंडियाना आदी राज्यांच्या ‘मका पट्ट्या’चा इतिहास उद्बोधक ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षेपाने विचार केला आहे.

जुलैच्या पावसाचे महत्त्व :
या पट्ट्यात मक्याला तुरा व कणसाला स्त्रीकेसर येण्याचा काळ साधारणतः जुलैमध्ये असतो. त्याच सुमारास पावसाने ओढ दिल्यास परागीभवन बिघडते व दाणे कमी धरतात. पुढे चांगला पाऊस झाला तरी ही हानी भरून निघत नाही. जे. वॉरन स्मिथ यांनी १९१४ मध्ये ओहायोतील नोंदींवरून जुलैच्या पावसाचे महत्त्व दाखवून दिले. हेन्री ए. वॉलेस यांनी १९२० मध्ये आठ राज्यांतील हवामान व मका उत्पादन यांच्या संबंधाचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला.

दुष्काळ आणि संकरित बियाणे :
याच वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी स्थापन केली. पुढे १९३३ ते १९४० या काळात ते अमेरिकेचे कृषिमंत्री होते. १९३५ मध्ये देशाचे सरासरी उत्पादन एकरी सुमारे २४ बुशेल होते (मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किलो), १९३६ च्या दुष्काळात ते १९ बुशेलांच्याही खाली आले. त्या वर्षी संकरित वाण तुलनेने तग धरून राहिले. आयोवातील त्यांचे क्षेत्र १९३५ मध्ये सुमारे १० टक्के होते, ते चार वर्षांत ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

वाढलेले उत्पादन, कायम राहिलेले अवलंबित्व :
नंतरच्या काळात सरासरी उत्पादन अनेक पटींनी वाढले. तथापि, १९८७ मधील सुमारे १२० बुशेलांचे उत्पादन १९८८ च्या दुष्काळात ८५ वर आले. १९९३ मध्ये अतिवृष्टी व महापुरामुळे पेरण्या लांबल्या, शेतात पाणी साचले आणि उत्पादन १३१ वरून १०१ बुशेलांपर्यंत घसरले. २०१२ च्या दुष्काळात ते आदल्या वर्षीच्या १४७ वरून १२३ वर उतरले.

समारोप :
१९३६ मधील घट सुमारे २३ टक्के, तर १९८८ मधील सुमारे २९ टक्के होती. म्हणजेच सुधारित बियाण्याने उत्पादनाची पातळी उंचावली. पावसावरील अवलंबित्व मात्र संपविले नाही. बियाण्याच्या इतिहासाकडे केवळ निसर्गावरील विजय म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते. आपल्याकडील कोरडवाहू शेतीच्या अभ्यासकांनीही वार्षिक सरासरीवर न थांबता महिनावार नोंदी व पावसातील खंड तपासणे आवश्यक आहे.