प्रकाशसंवेदी पेशी (सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातील)

दृष्टिपटलात प्रकाश शोषून त्याचे विद्युत संदेशात रूपांतर करणाऱ्या पेशी. त्यांचे तीन प्रकार आहेत : दंडपेशी, शंकुपेशी आणि प्रकाशसंवेदी गुच्छिका पेशी. डोळ्याचा पाठ अनेकदा पहिल्या दोहोंवरच संपतो. तो अपुरा आहे.

दंडपेशी मंद उजेडात काम करतात आणि एका फोटॉनलाही प्रतिसाद देतात. त्यांतील ऱ्होडॉप्सीन या रंगद्रव्यात जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला रेटिनल हा रेणू वाकलेल्या स्थितीत असतो. फोटॉन शोषताच तो सरळ होतो, त्यामुळे ऱ्होडॉप्सीनमधील प्रथिनाचा आकार बदलतो आणि ट्रान्सड्यूसिन हे दुसरे प्रथिन कार्यान्वित होते. पुढे एका विकरामुळे आयनमार्ग उघडे ठेवणारे पेशीतील चक्रीय जीएमपी घटते आणि ते मार्ग बंद होतात. अंधारात ही पेशी ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सतत सोडत असते. उजेड पडला की ते कमी होते. म्हणजे दृष्टीची सुरुवात संदेश मंदावण्याने होते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्यास रातांधळेपणा येतो, तो याच साखळीची पहिली कडी दुबळी झाल्याने.

शंकुपेशींतही प्रक्रिया अशीच घडते, मात्र त्यांना जास्त उजेड लागतो. माणसात त्यांचे तीन प्रकार असून ते अनुक्रमे सुमारे ४२०, ५३० व ५६० नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक प्रतिसाद देतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत दोनच असतात. एकट्या शंकुपेशीला रंग कळत नाही, निरनिराळ्या शंकूंच्या प्रतिसादांच्या तुलनेतून तो ठरतो.

तिसऱ्या प्रकाराची चाहूल १९२३ मध्येच लागली होती. दंडपेशी नसलेल्या आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकुंचन पावतात, असे क्लाइड कीलर यांना आढळले. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व सहकाऱ्यांनी बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत मेलॅनॉप्सीन हे प्रकाशसंवेदी रंगद्रव्य शोधले. ते असलेल्या गुच्छिका पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन व समेर हत्तार यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. या पेशींचे विद्युत वर्तन मात्र दंड व शंकूंच्या उलटे : उजेडात आयनमार्ग उघडतात आणि पेशी उद्दीपित होते. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक संवेदनशील असतात. प्रतिसाद सावकाश येतो, पण उजेड असेपर्यंत टिकतो आणि तो गेल्यावरही काही काळ चालू राहतो. त्यांचे तंतू मेंदूतील दैनिक घड्याळाच्या केंद्राकडे व बाहुली नियंत्रित करणाऱ्या भागाकडे जातात.

दंड व शंकू नष्ट होऊन दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींमध्ये या पेशी शाबूत राहतात. अशांना काही दिसत नाही, तरी त्यांचे झोप-जागेचे चक्र दिवस-रात्रीशी जुळलेले राहू शकते. म्हणूनच दृष्टिहीन डोळा काढण्याचा निर्णय घेताना या पेशींचा विचार व्हायला हवा.