देवी आल्या, देवी गेल्या (थ्रेड)

पारोळ्याच्या माझ्या आजीच्या गालांवर खोल व्रण होते. 'मला देवीचा रोग झाला होता' असे ती कधीच म्हणाली नाही. 'देवी आल्या होत्या' असे म्हणे. त्याही आदरार्थी बहुवचनात. खपल्या पडल्या की त्या 'गेल्या'.

या येण्याजाण्याचा अर्थ लावायचा, तर आधी मेसोपोटेमियात जाऊ या.

आजच्या दक्षिण इराकमध्ये इसिन नावाचे नगर होते. तेथील गुला ही वैद्यकाची देवी; कुत्रा हा तिचा प्राणी. जर्मन उत्खननात तिच्या मंदिरालगत ३३ कुत्र्यांची दफने सापडली, इ.स.पू. १००० च्या सुमाराची. स्तोत्रात ती स्वतःला वैद्य म्हणवते, औषधी वनस्पती बाळगते. पण हम्मुराबीच्या संहितेच्या (इ.स.पू. १८ वे शतक) अखेरीस दुसरी आरोग्यदेवता निनकर्रक हिला विनवणी आहे ती अशी, की लेखाची अवहेलना करणाऱ्याच्या अंगी कधीही न भरणारी जखम होऊ दे! बरे करणे जिच्या हाती, व्याधी देणेही तिच्याच हाती.

येथवर गुला आणि आपली शीतला बहिणी वाटतात. मला हे साम्य अर्धेच पटते. गुला रोग्याच्या उशाशी उभी असते. शीतला रोग्याच्या अंगात असते. रोग म्हणजेच ती. म्हणून तिची वागणूक रागीट पाहुणीसारखी ठेवायची: कडुनिंबाचा पाला, थंड अन्न, आणि शीतला सप्तमीला चूलच पेटवायची नाही. गाढवावर बसून, हाती केरसुणी घेऊन ती येते. पटकीच्या मरीआईचे तर याहून स्पष्ट. धुळे-जळगावच्या गावांत शिवेजवळ तिचे शेंदूर फासलेले ठाणे दिसते. साथ आली की पूजा करून, गाडा ओढून तिला शिवेपार पोचवायचे. (पुढच्या गावाने काय करायचे? तिला आणखी पुढे न्यायचे.)

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. श्रद्धाळू लोकांनी लस नाकारली, असे आपण सहज म्हणून टाकतो. विरोध होताच, पण मराठीने लस टोचण्यालाही 'देवी काढणे' म्हटले, म्हणजे परक्या उपायाला घरचेच नाव दिले. हा तपशील मला नकाराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून तिचे उच्चाटन जाहीर केले. त्यानंतरही आजी शीतला सप्तमीला आदल्या रात्रीच्या पुऱ्याच खात असे.